घोड्याचे मूत्र आणि रसायनाची साक्ष



आजचा विषय ऐकून कुणी नाक मुरडले, तर मी त्याला दोष देणार नाही. शर्यतीच्या घोड्याचे मूत्र प्रयोगशाळेत कसे तपासतात, हे मला सांगायचे आहे. पण डॉक्टरसुद्धा आपल्याला आधी लघवी तपासून आणायला सांगतोच ना? शरीरात जे शिरले त्याचा बराचसा हिशेब मूत्रात उतरतो. माणूस खोटे बोलेल, घोडा तर बोलतच नाही. मूत्र मात्र साक्ष देते. मी रसायनशास्त्राचा नव्हे, तर्कशास्त्राचा शिक्षक. तेव्हा ही साक्ष काढतात कशी, आणि तिच्यावरून निष्कर्ष कोणता काढावा, या दोन्ही गोष्टी मी आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

घोड्याला औषध देतात तरी कशाला? कुणी तो जोरात पळावा म्हणून उत्तेजक देतो. कुणी तो मागे पडावा म्हणून गुंगीचे देतो, कारण पैजेचा पैसा हरणाऱ्या घोड्यावरही मिळवता येतो. तिसरा प्रकार सर्वांत घातकी. पाय दुखावलेला असतो, आणि वेदनाशामक देऊन त्याला तसाच पळवतात. बैल लंगडू लागला की आपण त्याच्या मानेवरचे जू उतरवतो. वेदना ही निसर्गाने बसवलेली राखण आहे. तिला निजवली की साडेचारशे-पाचशे किलो वजनाचे जनावर ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने दुखऱ्या पायावर भार टाकते. हाड मोडले तर बहुधा घोडा वाचत नाही, आणि त्याच्या पाठीवरचा जॉकीही जिवाला मुकू शकतो. म्हणून ही तपासणी.

तिची सुरुवात लाळेपासून झाली. १९१० च्या सुमारास ऑस्ट्रियात व्हिएन्ना येथे रसायनतज्ज्ञांनी घोड्याच्या लाळेत अल्कलॉइड शोधण्याची रीत बसवली. अल्कलॉइड म्हणजे अफू, कुचला यांसारख्या वनस्पतींतली कडू, जहाल द्रव्ये. पुढे १९३० नंतर अमेरिकेत उंदराचीही साक्ष घेत. घोड्याच्या नमुन्यातून काढलेला अर्क उंदराला टोचायचा. त्यात मॉर्फीन असले तर उंदराची शेपटी ताठ होऊन पाठीवर वळे. आज उंदराची गरज उरलेली नाही.

आता नमुना कसा घेतात ते पाहा. शर्यत संपली की जिंकलेला घोडा, आणि पंच सांगतील ते आणखी घोडे, एका वेगळ्या तबेल्यात नेतात. लांब दांडीला अडकवलेले भांडे घेऊन माणूस थांबतो आणि हलकी शीळ घालतो. गुरे पाणी पिताना गुराखी घालतो ना, तशीच! शीळ ऐकून मुतायची सवय घोड्याला लावलेली असते. नमुन्याचे दोन भाग करतात, बाटल्यांना मोहर लावतात, आणि त्यांवर घोड्याचे नाव न घालता नुसता क्रमांक घालतात. घोडा कुणाचा हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. दुसरी बाटली राखून ठेवतात. पहिलीत काही सापडले आणि मालकाने हरकत घेतली, तर ती उघडायची. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेला जो न्याय, तोच इथे.

घोड्याचे मूत्र मुळात दाट, गढूळ, चिकट. त्यात चुन्याचे कण असतात. त्यातून औषध वेगळे काढायचे. त्यात एक अडचण आहे. यकृत पुष्कळशा औषधांना साखरेपासून बनलेल्या एका आम्लाची जोड देते, म्हणजे ती पाण्यात विरघळून बाहेर पडतात. अशा जोडीतले औषध चटकन ओळखू येत नाही. ही गाठ सोडवायला विकर वापरतात, आणि ते मिळते कुठून? एका जातीच्या गोगलगायीच्या पाचकरसातून! घोड्याच्या चोरीवर गोगलगायीने पहारा करावा, ही मोठी मौजच म्हणायची.

नंतर द्रव्ये एकमेकांपासून निराळी करायची. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रयोग वर्गात करून दाखवावा. पांढऱ्या खडूवर, तळापासून दोन बोटे वर, काळ्या स्केचपेनचा ठिपका द्या आणि खडू बशीतल्या थोड्याशा पाण्यात उभा करा. ठिपका मात्र पाण्याच्या वर राहिला पाहिजे. पाणी चढेल तसे काळ्या शाईतून निळा, तांबडा, पिवळा असे रंग वेगवेगळ्या उंचीवर जाऊन थांबतील. हीच वर्णलेखनाची पद्धत. प्रयोगशाळेत खडूऐवजी काचेवरचा पातळ थर वापरत. वर विशिष्ट द्रावण फवारले की अल्कलॉइडचा नारिंगी ठिपका उठे. आता हे काम बारीक नळ्यांतून, वायूच्या किंवा द्रवाच्या प्रवाहात होते.

शेवटचे यंत्र म्हणजे वस्तुमान-वर्णपटमापक. ते रेणू फोडते आणि तुकड्यांची वजने घेते. मडके फुटले की खापऱ्या कशाही पडतात. पण एकाच जातीचा रेणू त्याच रीतीने फोडला, की दर वेळी त्याच वजनाचे तुकडे जवळपास त्याच प्रमाणात पडतात. अंगठ्याचा ठसाच तो! एका मिलिलिटरमध्ये एक नॅनोग्रॅम औषध असले तरी या यंत्राला ते पुष्कळदा सापडते. दहा हजार लिटरचे शंभर टँकर भरा आणि त्या साऱ्या पाण्यात एक ग्रॅम औषध विरघळवा, तेव्हा ते प्रमाण होईल.

आणि इथेच तर्कशास्त्राचे काम सुरू होते. यंत्राची नजर इतकी तीक्ष्ण झाली, की गुन्हा नसतानाही काहीतरी दिसू लागले. सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे ॲस्पिरिनच्या कुळातले द्रव्य, घोड्याच्या साध्या चाऱ्यातही असते. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला मर्यादा घालून दिली आहे : मूत्राच्या मिलिलिटरमागे ७५० मायक्रोग्रॅम. २०१४ मध्ये इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांची एस्टिमेट ही घोडी अ‍ॅस्कॉट गोल्ड कपमध्ये दुसरी आली, आणि तिच्या नमुन्यात मॉर्फीन निघाले. दोष चाऱ्यात मिसळलेल्या खसखशीचा होता. आपण अनारशाला लावतो तीच खसखस. कुणी मुद्दाम काही दिले नव्हते. तरीही तिचे दुसरे स्थान रद्द झाले.

२०२१ च्या केंटकी डर्बीत, अमेरिकेत, मेडिना स्पिरिट पहिला आला. त्याच्या रक्तात बीटामेथॅझोन सापडले, मिलिलिटरमागे अवघे २१ पिकोग्रॅम. नॅनोग्रॅमचा हजारावा भाग म्हणजे पिकोग्रॅम! मग राखून ठेवलेले मूत्र न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत गेले. त्यात मलमात असतो तो प्रकार मिळाला, इंजेक्शनातला नाही, असे मालकाच्या वकिलांनी जाहीर केले. पण शर्यतीच्या दिवशी ते औषध अंगात असणेच तिथल्या नियमाला मंजूर नव्हते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचे विजेतेपद काढून घेतले.

हा अन्याय म्हणायचा काय? थोडे थांबा. प्रयोगशाळा दोनच गोष्टी सांगते : द्रव्य कोणते आणि किती. कुणी दिले, कशासाठी दिले, हे बाटलीत लिहिलेले नसते. शर्यत रद्द करणे वेगळे आणि माणसाला गुन्हेगार ठरवणे वेगळे. औषध अंगात घेऊन पळालेल्या घोड्याचा निकाल टिकू नये, कारण मागच्या घोड्यालाही न्याय हवा. पण तेवढ्यावरून मोतद्दाराला चोर म्हणणे म्हणजे पुराव्याच्या पुढे धावणे होय. हा फरक ज्याला कळला, त्यालाच यंत्र हाताळण्याचा खरा अधिकार.

आपल्याकडे मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्याला घोडे पळतात. गावोगावी बैलगाडा शर्यतीही होतात. त्यांना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली. जनावराच्या अंगात काय घातले हे त्याला सांगता येत नाही, आणि नको म्हणताही येत नाही. म्हणून दावणीशी उभ्या असलेल्या माणसाने आधी स्वतःची परीक्षा घ्यावी. प्रयोगशाळेची पाळी त्यानंतर येते.