क्रोशाचा रुमाल



घरातील टीपॉयवर, रेडिओवर, पुढे दूरचित्रवाणी संचावर अंथरलेला क्रोशाचा रुमाल सर्वांच्या परिचयाचा आहे. विणणारीचे नाव त्यावर कधीच नसते. तिच्या कष्टाला ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणण्याची रीत आहे.

वस्तुतः त्यात चोख गणित आहे. साखळीच्या कड्यात पहिल्या फेरीला १२ खांब घातले, तर दुसरीला २४, तिसरीला ३६ अशी वाढ द्यावी लागते. वाढ कमी पडली की रुमाल वाटीसारखा वळतो. जास्त झाली की कडेला चुण्या पडतात. चूक ध्यानी आली, की तिथवर उसवून पुन्हा विणणे आले.

‘फावल्या वेळचा’ हा शब्द पोटासाठी विणणाऱ्या स्त्रियांना फार महाग पडला. आंध्र प्रदेशातील नरसापूरची क्रोशाची लेस परदेशी जाते. मारिया मीस यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की दिवसाचे कित्येक तास विणूनही तेथील स्त्रिया केवळ ‘गृहिणी’ गणल्या जात. म्हणूनच त्यांना अत्यल्प मजुरी देणे शक्य होई. २०२४ मध्ये या लेसला भौगोलिक मानांकन लाभले. मानांकन गावाला मिळते. मोल हातांना मिळावयास हवे.

त्याचा आरंभ घरातून व्हावा. कपाटातील जुना रुमाल काढून तो कोणी विणला, हे मुलांना नावानिशी सांगावे. हीरक महोत्सवी वर्षात कृतज्ञतेचा एवढा पाठ गिरविला, तरी पुष्कळ झाले.