आजची ओळ



२६ जुलै २००५ ही तारीख मुंबई विसरलेली नाही. सांताक्रूझला त्या दिवशीच्या पावसाची नोंद ९४४ मिलिमीटर झाली, आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पाऊणशे मिलिमीटरही पडला नाही. पण हवामान खात्याच्या नोंदींत हा आकडा शोधायला गेलात आणि २६ जुलैच्या ओळीवर बोट ठेवलंत, तर तो तिथे सापडणार नाही. तो २७ जुलैच्या ओळीत आहे. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, आणि आदल्या सकाळच्या साडेआठपासून साठलेलं पाणी मोजणीच्या दिवसाच्या तारखेखाली लिहितात. लोकांच्या आठवणीतली तारीख एक आणि वहीतली दुसरी. दोन्ही खऱ्या.

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होता, त्याची वही मुलं लिहायची, आणि पुढे ती वही एक्सेलमध्ये आली. वर्षाची एक शीट, दिवसाला एक ओळ. पहिल्या ओळीत शीर्षकं, दुसऱ्या ओळीत १ जानेवारी. या हिशेबाने १७ जुलै येतो १९९व्या ओळीत. पडद्यावर एका वेळी तीसेक ओळी दिसतात, म्हणजे पावसाळ्यात रोज सकाळी खाली खाली सरकत जाऊन आपली ओळ हुडकायची. सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. एका जुलैत माझ्या हातून ११८ मिलिमीटरचा आकडा एक ओळ खाली पडला. दुसऱ्या दिवशी ती ओळ भरलेली दिसली, म्हणून मी त्याच्या खालच्या ओळीत लिहिलं. सलग नऊ दिवस असंच चाललं. मुलांनी तालुक्याच्या आकड्यांशी आपले आकडे ताडून पाहिले तेव्हा आमचा पाऊस सगळीकडच्यापेक्षा एक दिवस उशिरा पडत होता. आकडे सगळे बरोबर होते, जागा चुकली होती. तेव्हापासून आजची ओळ आपोआप उजळली पाहिजे हा ध्यास मी घेतला.

त्यासाठी आधी एक्सेलला तारीख म्हणजे काय वाटतं ते समजून घ्यावं लागतं. त्याला महिना, वार, वर्ष यातलं काही ठाऊक नसतं. तो दिवस मोजतो. १ जानेवारी १९०० हा दिवस पहिला. १५ ऑगस्ट १९४७ हा १७,३९४वा. महाराष्ट्र राज्य झालं तो १ मे १९६० हा २२,०३७वा, आणि मघाचा २७ जुलै २००५ हा ३८,५६०वा. आपल्याला दिसते ती तारीख म्हणजे त्या आकड्यावर चढवलेला पोशाख.

ही कल्पना परकी नाही. आपल्या ज्योतिषगणितात तिला अहर्गण म्हणतात: ठरलेल्या आरंभापासून गेलेल्या दिवसांची संख्या. कोकणच्या किनाऱ्यावर, मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. अहर्गण वाढत वाढत अवजड होतो आणि हाताने गणित करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो, म्हणून त्यांनी अकरा वर्षांचं एक चक्र धरलं, ४,०१६ दिवसांचं, आणि चक्रं बाजूला काढून उरलेले दिवसच हाताशी ठेवले. वापरणाऱ्याचे कष्ट कमी करण्याची ही तळमळ मला फार मोठी वाटते.

एक्सेलच्या मोजणीत मात्र एक चूक जाणूनबुजून ठेवलेली आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस धरतो आणि त्याला ६० हा क्रमांक देतो. ही चूक आधीच्या लोटस वन-टू-थ्रीमधली. लोकांच्या जुन्या शीट्स बिघडू नयेत म्हणून पुढच्यांनी ती तशीच घेतली. मघाचे क्रमांक त्या न घडलेल्या दिवसासकट आहेत.

आता ओळ उजळवण्याकडे येऊ. पहिला उपाय मी केला तो मॅक्रोचा. मॅक्रो म्हणजे शीटला लिहून दिलेला कामाचा क्रम. ऑल्ट आणि एफ अकरा ही बटणं दाबली की तो लिहायची खिडकी उघडते. डावीकडे ‘धिस वर्कबुक’ असतं, तिथे ‘वर्कबुक ओपन’ या घटनेखाली लिहिलेलं सगळं फाइल उघडताच चालतं. मी लिहिलं: आजची तारीख घे, तारखांच्या स्तंभात शोध, सापडलेली ओळ पिवळी कर. पहिल्या दिवशी ती सापडलीच नाही. तारीख तारीख म्हणून शोधली की ‘मॅच’ हे शोधायचं फंक्शन बऱ्याचदा हात हलवत परत येतं. तिचा पूर्णांक करून दिला की लगेच मिळते. अहर्गणाचाच प्रत्यय!

दुसऱ्या दिवशी दोन ओळी पिवळ्या झाल्या. कालचा रंग कोणी पुसायचा? म्हणून आधी सगळे रंग पुसण्याची सूचना घातली, तर मुलांनी मुसळधार पावसाच्या दिवसांना हाताने दिलेला लाल रंगही गेला. मग प्रत्येक क्लिकला चालणारा मॅक्रो केला, तेव्हा ‘अनडू’ बंद पडलं, कारण मॅक्रोने शीटला हात लावला की मागे फिरायची वाट पुसली जाते. नोंदी ठेवणाऱ्या माणसाकडून चूक दुरुस्त करायची सोय काढून घेणं मला मान्य नाही.

म्हणून रंगाचं काम मी मॅक्रोकडून काढून घेतलं आणि अट जुळली की रंग देणाऱ्या कंडिशनल फॉरमॅटिंगला दिलं. तो रंग वरून पडलेल्या उजेडासारखा असतो. खालचा रंग तसाच राहतो, उजेड सरकला की पुन्हा दिसतो. सूत्र अगदी लहान आहे: बरोबर, डॉलर, ए दोन, बरोबर, टुडे, आणि रिकामा कंस. शीर्षकांची ओळ सोडून सगळा तक्ता निवडून हे लिहायचं. डॉलर फक्त ए-च्या, म्हणजे तारखांच्या स्तंभाच्या, आधी, दोनच्या आधी नाही. त्याने स्तंभ खिळतो आणि ओळ मोकळी राहते, म्हणून तारीख जुळली की अख्खी ओळ उजळते. डॉलर विसरलात तर फक्त तारखेचा एक चौकोन उजळेल.

ओळ उजळत नसेल तर तारीख चौकोनात कुठे टेकली आहे ते बघा. उजवीकडे असेल तर ती संख्या आहे. डावीकडे असेल तर ती नुसती अक्षरं आहेत, आणि अक्षरं कुठल्याच दिवसाशी जुळत नाहीत. संगणक अमेरिकी पद्धतीवर लावलेला असला की ५ जुलैसाठी ५/७ लिहिलं की ७ मे होतो आणि १३ तारखेपासून पुढचं सगळं अक्षरं होऊन बसतं. कंट्रोल पॅनेलमधली पद्धत बदलायची, पहिली तारीख हाताने लिहायची आणि कोपरा धरून खाली ओढायची.

आता पुन्हा साडेआठकडे. ‘टुडे’चा दिवस मध्यरात्री बदलतो. पंचांगाचा सूर्योदयाला बदलतो. पर्जन्यमापकाचा साडेआठला. मग आमच्या शीटने मध्यरात्रीचं का ऐकावं? एक्सेलमध्ये दिवस म्हणजे एक, दुपारचे बारा म्हणजे अर्धा, साडेआठ म्हणजे साडेआठ भागिले चोवीस. म्हणून ‘टुडे’च्या जागी आम्ही लिहिलं: ‘इंट’, म्हणजे पूर्णांक, आणि कंसात ‘नाऊ’, म्हणजे आत्ताची तारीख-वेळ, उणे साडेआठ भागिले चोवीस. आता सकाळी सव्वासातला फाइल उघडली तर कालचीच ओळ पिवळी असते, आणि ती आधीच भरलेली असते. घाईने लवकर आलेल्या मुलाला लिहायला जागाच मिळत नाही. तो थांबतो. इतक्या वर्षांत माझ्या रागावण्याने जे झालं नव्हतं ते या उणे चिन्हाने केलं.

मॅक्रो मी टाकून दिला नाही. त्याच्याकडे दोन कामं ठेवली. फाइल उघडली की पिवळी ओळ पडद्याच्या वरच्या कडेला आणून ठेवायची. आणि शीट उघडी पडून असेल तर ‘नाऊ’ स्वतःहून हलत नाही, म्हणून ‘ऑन टाइम’ लावून साडेआठला पुन्हा गणित करायला सांगायचं. दोन्ही कामं एकाही नोंदीला हात लावत नाहीत. मॅक्रोची फाइल दुसऱ्याला पाठवताना मात्र विचार करा. मार्च १९९९मध्ये मेलिसा नावाचा विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच ईमेलने जगभर पसरला होता, आणि २०२२पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट मुळातच अडवतं. ते योग्यच आहे. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालतही नाहीत. रंग चालतो. म्हणून ज्या गोष्टीवाचून नोंद चुकेल ती मॅक्रोवर सोपवू नये असं माझं मत आहे.

शेवटचा नियम मुलांच्या प्रश्नातून आला. एका सोमवारी एका मुलीने विचारलं, सर, काल रविवार होता, कोणी मोजलं नाही, मग आजचा आकडा दोन दिवसांचा ना? अगदी बरोबर. आणि हे कोणतंच सूत्र आपल्याला सांगणार नाही. म्हणून पिवळ्याच्या वर ज्या ओळी रिकाम्या राहिल्या असतील त्या केशरी होतील असा दुसरा नियम घातला. केशरी ओळ दिसली की शेऱ्याच्या रकान्यात ‘दोन दिवसांची बेरीज’ असं लिहायचं. पण त्यामुळे दिवाळीनंतर अर्धी शीट केशरी झाली. पाऊस नाही म्हणून मुलं काही लिहीतच नव्हती. रिकामं म्हणजे मोजलं नाही, आणि शून्य म्हणजे जाऊन पाहिलं, पाणी नव्हतं. हा फरक त्या रंगाने शिकवला. आता डिसेंबरातही साडेआठला एक मूल जाळीचं फाटक उघडून पर्जन्यमापकापाशी जातं, आतली बाटली उचलून कोरडी आहे ते बघतं, आणि येऊन पिवळ्या ओळीत शून्य लिहितं.