ट्रक पुण्यात, घाम नगरात

अवजड ट्रक बनतात ते पिंपरी आणि चाकणला. मग अहिल्यानगरचं त्यात काय? पुष्कळ काही. एकेकाळी लूना घडवणारा इथला कायनेटिकचा कारखाना आज गिअर आणि गिअरबॉक्सचे भाग बनवतो. शहराजवळच ‘डीआरडीओ’ची वाहन संशोधन संस्था आहे. तिच्या चाचणी-मार्गांवर वाहनं दगडधोंडे, चढ-उतार यांना तोंड देतात. टाटा मोटर्ससोबत या संस्थेने आठ चाकी चिलखती वाहनही विकसित केलं.

ट्रकच्या मागणीत मात्र भरती-ओहोटी फार. 2018 साली केंद्राने ट्रकना जास्त भार वाहण्याची मुभा दिली. तोच माल कमी गाड्यांत मावू लागला, नव्या गाडीची निकड घटली. त्यात मंदी आली. 2019-20 मध्ये मध्यम व अवजड व्यावसायिक वाहनांची देशांतर्गत विक्री आदल्या वर्षापेक्षा 40 टक्क्यांहून जास्त घसरली. मोठ्या कंपन्यांनी काही दिवस उत्पादनच थांबवलं.

अशा वेळी पहिला फटका बसतो सुट्या भागांच्या कारखान्याला. तिथेही आधी ओव्हरटाइम जातो, मग तिसरी पाळी, मग कंत्राटी कामगार. कायम कामगाराची पाळी शेवटी. म्हणून ‘उत्पादन वाढलं’ ही बातमी ऐकताना माझा पहिला प्रश्न असतो, कायम किती जण झाले?

म्हणून नगरच्या नागापूर किंवा सुपा एमआयडीसीत नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींनो, नेमणुकीचं पत्र मागून घ्या आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक पहिल्याच महिन्यात तपासा.