मेजावरचा समुद्र

दिवाळी जवळ आली कीं महाराष्ट्रांत अंगणाअंगणांतून मातीचे किल्ले उभे राहूं लागतात. विटादगड रचावे, त्यांवर चिखलांत भिजविलेलें गोणपाट पसरावें, आळीव पेरून हिरवळ उगवावी आणि शिखरावर महाराजांची मूर्ति बसवावी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. हा किल्ला बहुधा रायगड असतो, नाहीं तर प्रतापगड. क्वचित् एखादा मुलगा सिंधुदुर्ग करावयास घेतो. मग तो परातींत पाणी ओततो, त्यांत नीळ कालवितो आणि मधोमध किल्ला ठेवून देतो. डोंगराचा चढ, कडा आणि चोरवाट यांचा बारकाईनें विचार करणारा हा मुलगा समुद्राचा विचार मात्र निळीच्या एका पुडीवर संपवितो.

हिमायतनगरसारख्या गांवीं हें अगदीं स्वाभाविक आहे. त्या भागांतील पैनगंगेचें पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या वाटेनें अखेर बंगालच्या उपसागरास मिळतें खरें. पण तेथील मुलास समुद्र भेटतो तो बहुधा भूगोलाच्या पुस्तकांतच. अशा मुलास घरच्या मेजावर समुद्र समजावून देणारा एक छंद आहे. लहान जहाजें आणि लहान किनारा करून, नियम बांधून लुटुपुटीचें आरमारी युद्ध खेळावयाचें, असें त्याचें स्वरूप आहे.

हा छंद पोरकट समजूं नये. इंग्लंडांत फ्रेड जेन या गृहस्थानें १८९८ सालीं अशा खेळाचे नियम छापून प्रसिद्ध केले. पुढें दुसऱ्या महायुद्धांत जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरांत मालवाहू जहाजांचे तांडे बुडवूं लागल्या, तेव्हां १९४२ सालीं ब्रिटिश आरमारानें लिव्हरपूल येथें कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्‌स् यांच्या हाताखालीं एक शाळाच काढली. तेथें दालनाची जमीन हाच समुद्र असे. आरमारी सेवेंतील तरुण स्त्रिया तीवर खडूनें जहाजांचे मार्ग आंखीत. शिकणारे अधिकारी पडद्याआड बसून फटींतून पाहात. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूनें अशा बेतानें काढीत कीं फटींतून तो दिसूं नये. प्रत्यक्ष समुद्रावर जें दिसलें नसतें, तें खेळांतही दिसूं द्यावयाचें नाहीं, हा त्या शाळेचा दंडक होता. तेथें सुमारें ५००० अधिकारी शिकून गेले, आणि त्या जमिनीवर शोधलेले डावपेच खऱ्या समुद्रावर उपयोगी पडले.

हाच दंडक आपल्या इतिहासास लावून पाहावा. मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यापासून सुमारें ५ किलोमीटरांवर, खांदेरी नांवाचें बेट आहे. १६७९ च्या पावसाळ्यांत शिवाजीमहाराजांच्या लोकांनीं तें ताब्यांत घेऊन तटबंदी सुरू केली. बेटावर मायनाक भंडारी होता. आरमार दौलतखानाचें होतें. मुंबईकर इंग्रजांनीं नाकेबंदी केली. ऑक्टोबरांत मराठी आरमार किनाऱ्यावरून इतक्या वेगानें चालून आलें कीं इंग्रजांना नांगर उचलावयासही जेमतेम वेळ मिळाला. ‘डव्ह’ नांवाची त्यांची गुराब मराठ्यांच्या हातीं सांपडली. मात्र ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाच्या तोफांपुढें मराठी नौका टिकल्या नाहींत. त्या मागें फिरून उथळ पाण्यांत शिरल्या, आणि तेथें मोठ्या जहाजास त्यांचा पाठलाग करतां आला नाहीं. त्यानंतरही रात्रीच्या अंधारांत हलक्या होड्या बेटावर सामान पोहोंचवीत राहिल्या. अखेर जानेवारी १६८० मध्यें इंग्रज नाकेबंदी उठवून निघून गेले आणि बेट मराठ्यांकडे राहिलें.

श्रोतेहो, ही लढाई निळ्या परातींत मांडली तर रिव्हेंजच्या तोफा जिंकतील. कारण परातींतील पाणी सगळीकडे सारखेंच खोल असतें, आणि तोफांवर मात करणारी गोष्ट होती ती पाण्याची खोली. ती मांडावयाची कशी, तें आतां पाहूं.

प्रथम प्रमाण ठरवावें. जहाजांस एकास बाराशें हें प्रमाण पुष्कळ ठिकाणीं रूढ आहे. त्यांत १०० फुटांचें जहाज १ इंचाचें होतें. पण याच प्रमाणानें थळ आणि खांदेरी यांमधील अंतर ४ मीटरांवर जाईल, आणि तेवढें मेज कोणाच्या घरीं असणार! म्हणून समुद्रास एकास पांच हजार हें वेगळें प्रमाण घ्यावें, म्हणजे तेंच अंतर १ मीटरांत बसतें. जहाजें समुद्राच्या मानानें चौपटीहून मोठीं दिसतील. त्यास इलाज नाहीं.

समुद्रासाठीं पाणी नको, कापड घ्यावें. करड्या-निळ्या जाड कापडावर फिक्या रेघांनीं चौकटी आंखाव्या. बेट आणि किनारा पातळ फळ्यांवर सुटे करावे, म्हणजे पुढें दुसऱ्या लढाईसही ते कामास येतात. फळीची कड तासून उतरती करावी आणि सांधा बारीक खडीनें झांकावा. मराठवाड्याची काळी माती वाळतांना आकसते आणि तडकते. तींत वाळू आणि बारीक भुसा मिसळून पातळ थर द्यावे, व एक वाळल्यावरच दुसरा चढवावा.

गलबतांचे सांगाडे जोंधळ्याच्या वाळलेल्या धांडांतून कोरतां येतात. शिडाला खळ लावलेला कागद आणि डोलकाठीस खराट्याची काडी पुरते. गुराब रुंद आणि दोन-तीन डोलकाठ्यांची, तर गलबत त्याहून लहान आणि वल्ह्यांवर चालणारें, हा भेद दिसलाच पाहिजे. प्रत्येक जहाजास पत्र्याची लांबट बैठक द्यावी. पत्र्याच्या वजनानें जहाज कलंडत नाहीं, आणि उचलतांना बोटें बैठकीस लागतात, डोलकाठी मोडत नाहीं. बैठकीचें पुढचें टोंक निमुळतें करावें. अंतर आणि वळण तेथूनच मोजावयाचें. मागच्या कडेवर जहाजाचें नांव आणि त्यास लागणाऱ्या खोलीचा आंकडा लिहावा: गलबतास १, गुराबेस २, रिव्हेंजला ३.

आतां मुख्य गोष्ट. उथळ जागा कापडावर रंगवूं नयेत. प्रत्येक चौकटीची खोली १ ते ४ या आंकड्यांनीं एका कागदावर लिहावी. एक प्रत पंचाकडे, दुसरी मराठ्यांची बाजू खेळणाराकडे राहील. इंग्रजाच्या बाजूस ती मिळणार नाहीं. त्यानें हवें तर शिशाचा ओळंबा टाकून खोली विचारावी, पण त्या खेपेस जहाज निम्म्या वेगानें चालवावें. भरतीओहोटीही विसरूं नये. अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीच्या वेळीं बेट असतो आणि ओहोटीस तेथें पायीं जातां येतें, इतका त्या किनाऱ्यावर फरक पडतो. म्हणून ओहोटी लागली कीं प्रत्येक चौकटीचा आंकडा एकानें कमी धरावा; शून्य म्हणजे उघडी पडलेली जमीन. रुतलेलें जहाज भरती येईपर्यंत हलत नाहीं, मग त्यावर तोफा कितीही असोत.

असा डांव दोन-चार वेळां खेळल्यावर मुलाच्या ध्यानीं येतें कीं वरून पाहणाऱ्यास समुद्र सगळीकडे सारखाच दिसतो. त्याखालीं काय आहे, हें तेथल्या कोळ्यास आणि भंडाऱ्यास ठाऊक असतें, आणि महाराजांनीं आपलें आरमार अशाच माणसांच्या हातीं दिलें होतें. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत रायगड-प्रतापगडांबरोबर खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हेही आहेत. येत्या दिवाळींत अंगणांत रायगड अवश्य उभारावा; पण सुटी संपण्यापूर्वीं एक संध्याकाळ खांदेरीसाठीं राखून ठेवावी. मग हिमायतनगरचें तें मूल केव्हां तरी थळच्या किनाऱ्यावर उभें राहिलें, तर तेथल्या नावाड्यास तें पहिला प्रश्न पाण्याच्या खोलीचाच विचारील.