फरशीखालची तार

(रामदासपेठेतील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजक म्हणाले, प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी पाच मिनिटं बोला. आपल्यातल्या डॉक्टरांचं बरं आहे. मी सर्व्हर रूमचं अर्थिंग करतो म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे वायरमनच ना? हो, वायरमनच.

या रामदासपेठेत गल्लोगल्ली दवाखाने. पूर्वी जिथे केसपेपरच्या फायली रचलेल्या असत, तिथे आता एक गारठलेली खोली असते. तिची जमीन खरी नसते. लोखंडी पायांवर दोन-दोन फुटांच्या फरश्या मांडलेल्या, खालून केबल आणि गार हवा.

12 वर्षांपूर्वी अशाच एका खोलीचं काम मी घेतलं. कॉम्प्युटरवाले म्हणाले, आम्हाला वेगळं, 'स्वच्छ' अर्थिंग पाहिजे, इमारतीच्या अर्थिंगशी संबंध नको. मीही मान डोलावली. मागच्या अंगणात नवा खड्डा, मीठ-कोळसा, आणि सगळे रॅक त्यावर. फरशीचे पाय मात्र इमारतीच्या जुन्या अर्थिंगवर राहिले.

जूनच्या सुरुवातीला जवळच कुठेतरी वीज पडली. माझा मदतनीस तेव्हा गुडघे टेकून फरशी उचलत होता. एक हात फरशीच्या लोखंडी पायावर, दुसरा रॅकवर. तो मागे फेकला गेला. वाचला. बोटं दोन दिवस सुन्न होती. नेटवर्कचे पोर्ट जळाले ते वेगळंच, पण त्याचं मला फारसं काही वाटलं नाही.

त्या रात्री मला दहावीचा वर्ग आठवला. सर, तुम्ही खिडकीबाहेर बोट दाखवून विचारलं होतं, तारेवरच्या कावळ्याला शॉक का लागत नाही? मी म्हणालो होतो, त्याच्या पायाला रबर असेल. सगळा वर्ग हसला. तुम्ही सांगितलं, दोन्ही पाय एकाच तारेवर आहेत म्हणून. माझ्या पोराचे दोन हात मी दोन वेगवेगळ्या तारांवर ठेवले होते! वीज पडली तेव्हा दोन खड्ड्यांची पातळी एक राहिली नाही, आणि फरक त्याच्या अंगातून गेला. आयएस 3043 हे अर्थिंगचं भारतीय मानक माझ्या कपाटात होतं. मी ते खड्ड्याच्या मापापुरतंच वाचलं होतं.

नंतर दोन्ही खड्डे पट्टीने जोडले. फरशीखाली तांब्याच्या तारेची जाळी विणली, ठरावीक अंतरावरच्या पायांना क्लॅम्प लावले. क्लॅम्पखालचा रंग खरवडावा लागतो, नाहीतर तार दिसते आणि मीटर काहीच दाखवत नाही. रॅक, यूपीएस, एसी, केबल ट्रे, दाराची चौकट, सगळं त्या जाळीला बांधलं. त्याचे पैसे मागितले नाहीत.

आपल्याकडचा मे महिना तर विचारूच नका. कोरड्या हवेत नुसतं चालून अंगावर हजारो व्होल्ट साचतात. 3000 च्या आत आपल्याला कळतही नाही, चिपला मात्र 100 पुरे होतात. म्हणून फरशीचा वरचा थर तो भार हळूहळू खाली सोडणारा लागतो, आणि खाली घ्यायला जाळी लागते. त्यात काळी माती सुकून भेगाळते, खड्ड्याचा रोध वाढतो.

तो मदतनीस आता स्वतः ठेके घेतो. फरशी उचलण्याआधी दोन्हीकडे मीटर लावतो, मगच हात. कावळा त्यालाही सांगितलाय.

तुमच्या घरी अर्थिंगचा खड्डा असेल तर एप्रिल-मेमध्ये त्यात दोन बादल्या पाणी ओतत जा. चहा आला म्हणतात. थांबतो.