खटका आणि निष्ठा



रविवारी सकाळी घाट चढून सायकलवाले चहाच्या टपरीवर जमतात, तेव्हा नव्याने आलेल्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी त्याच्या मागच्या चाकाकडे बघतात. गिअर कुणाचा? शिमानोचा की स्रॅमचा? एखादा कॅम्पान्योलोवाला निघाला तर लोक वाकून बघतात. मग वाद रंगतो आणि चहाची दुसरी फेरी होते. या वादात मीही वर्षानुवर्षं हिरिरीने भांडलो आहे. सायकलवाल्याची कंपनीवरची निष्ठा ही खरी गोष्ट आहे, ती नुसत्या जाहिरातीने जडत नाही. पण गेल्या चाळीस वर्षांत या निष्ठेचं काहीतरी बिघडलं आहे. काय बिघडलं, ते आज मांडणार आहे.

सुरुवात घरापासून करतो. वडिलांची सायकल हर्क्युलिस होती. काळी, रॉडच्या ब्रेकची, मागे कॅरियर, बाजूला डायनॅमो. शेजारच्या काकांची अ‍ॅटलस. मद्रासला हर्क्युलिसचा कारखाना १९४९ मध्ये निघाला, सोनीपतला अ‍ॅटलस १९५१ मध्ये, लुधियान्याला हीरो १९५६ मध्ये. वडील आणि काका यांच्यात कुणाची सायकल हलकी चालते यावर अंगणात बोलणं व्हायचं आणि दोघंही मागे हटायचे नाहीत. पण या सगळ्या सायकलींचं माप एकच होतं. २८ इंची चाक, पुढे ३२ आरे, मागे ४०, क्रँकला कॉटर पिन. चेन तुटली, छर्रे झिजले, तर कोपऱ्यावरचा सायकलवाला हाताला येईल त्या कंपनीचा माल बसवायचा आणि सायकल चालायची. वडिलांना हर्क्युलिस सोडायची तर उद्या सोडता आली असती. त्यांनी सोडली नाही. म्हणून तिला मी निष्ठा म्हणतो.

त्या सायकलवर एकच वस्तू परदेशी होती. ब्रूक्सची कातडी सीट, जुन्या बाजारातून आणलेली. बर्मिंगहॅमच्या या घराण्याचा धंदा १८६६ चा, सीटचं पहिलं पेटंट १८८२ चं. एकाच जाड कातड्याचा तुकडा, पुढच्या टोकाला आणि मागच्या कमानीला तांब्याच्या रिबिटांनी ताणून बसवलेला. नाकाखाली एक नट असतो. कातडं सैल पडलं की तो पाव फेरा आवळायचा, जास्त नाही. नवी सीट लाकडासारखी कडक असते. हजारभर किलोमीटरनंतर बसणाऱ्याच्या हाडांच्या दोन खळ्या तिच्यात पडतात, आणि मग ती फक्त त्याचीच होते. वडिलांच्या सीटवर मी बसलो की मला ती टोचायची. वीस वर्षं वापरून मी तिच्यात माझ्या खळ्या पाडल्या. आता दुसरी कुठलीही सीट मला नको असते. ही निष्ठा माझ्या अंगाने कमावलेली आहे.

आता इटलीत जाऊ. व्हिचेंझा गावात तुल्लिओ कॅम्पान्योलो यांनी १९३३ मध्ये कंपनी काढली. ते स्वतः शर्यतीत उतरणारे. अशी गोष्ट सांगतात, की क्रोचे द'आउने नावाच्या खिंडीत बर्फ पडत असताना त्यांना चाक काढायचं होतं, बोटं गारठली होती आणि चाकाचा नट फिरेना. त्यातून एका दांडीच्या झटक्यात चाक सुटण्याची युक्ती त्यांना सुचली, जी आज साध्या सायकलींवरही दिसते. गोष्ट किती घडली आणि किती रचली, यावर जाणकार वाद घालतात. पण त्या खिंडीत तुल्लिओंचं स्मारक मात्र उभं आहे. पुढची कित्येक दशकं युरोपातल्या शर्यतींवर या नावाचं राज्य होतं. माझ्या पिढीचे मेकॅनिक त्याचं मुख्य कारण सांगतात ते असं, की त्यांच्या मालाचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वॉशर, प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या क्रमांकाने विकत मिळायची. वस्तू मरायची नाही. मला या कारणाचं मोल फार वाटतं.

आणि जपान. ओसाकाजवळचं साकाई हे सुऱ्यांचं आणि बंदुकांचं गाव. तिथले लोहार पुढे सायकलीच्या कामाकडे वळले. त्याच गावात १९२१ मध्ये शिमानो यांनी फ्रीव्हील बनवायला घेतलं. शेजारची दुसरी कंपनी माएदा, तिचा माल सनटूर नावाने विकला जायचा. चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागाला डिरेलर म्हणतात. सनटूरने १९६४ मध्ये तो तिरका बसवला, म्हणजे चकत्यांच्या उताराबरोबर तोही खाली-वर होतो. त्याने गिअर अलगद पडू लागले. त्या पेटंटची मुदत संपली आणि त्याच सुमारास, १९८४ मध्ये, शिमानोने ड्युरा-एस या आपल्या सर्वांत वरच्या मालात खटका आणला.

या खटक्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण सगळं इथे वळलं.

त्याआधी गिअरची लिव्हर घर्षणावर चालायची. हाताने तार हळूहळू ओढायची, चेन कुरकुरली तर अंगठ्याने केसभर पुढे-मागे करायची, आवाज थांबला की बरोबर. माप हातात आणि कानात. त्यामुळे इटलीचा डिरेलर, जपानचं फ्रीव्हील, फ्रान्सची चेन असं काहीही एकत्र चालायचं. खटक्याच्या लिव्हरमध्ये प्रत्येक गिअरला एक खटका असतो, म्हणजे माप लोखंडात कोरलेलं असतं. शिमानोच्या आठ गिअरच्या संचात एका खटक्याला तार सुमारे २.८ मिलिमीटर ओढली जाते, डिरेलर ती चाल १.७ पट करतो आणि चेन बरोबर पुढच्या चकतीवर जाते, कारण दोन चकत्यांत ४.८ मिलिमीटर अंतर आहे. स्रॅम ही शिकागोची, १९८७ ची कंपनी. तिने तिच्या नऊ गिअरच्या डोंगरी संचात तार ४ मिलिमीटर ओढली आणि डिरेलरची पट जवळजवळ एकास एक ठेवली. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर. पण एकाची लिव्हर दुसऱ्याच्या डिरेलरला लावली की सगळं चुकतं. खुद्द ड्युरा-एसचं तारेचं माप कितीतरी वर्षं शिमानोच्याच इतर मालाशी जुळत नव्हतं.

खटक्याचा फायदा मी नाकारत नाही. १९९० मध्ये तो ब्रेकच्या मुठीत आला आणि घाट उतरताना हँडलवरचा हात काढायची गरज संपली. त्याने अपघात टळले असणार. १९८८ च्या इटलीच्या शर्यतीत गाव्हिया खिंडीत भर बर्फात अ‍ॅन्डी हॅम्पस्टन या अमेरिकन गड्याने आघाडीवरच्याची गुलाबी जर्सी मिळवली आणि शर्यत जिंकली, तीही इटलीच्या कॅम्पान्योलोवर नाही, तर शिमानोवर. माल चांगला होता यात शंका नाही. सनटूर मात्र पुढच्या काही वर्षांत मागे पडत गेली.

पण खटका आला त्या दिवसापासून एक वस्तू निवडली की पुढच्या पाच आपोआप ठरू लागल्या. आज हायड्रॉलिक ब्रेकचंच बघा. शिमानोच्या ब्रेकला खनिज तेल लागतं, स्रॅमच्या अनेक ब्रेकना मोटारीच्या ब्रेकचं तेल. चुकून एकाचं दुसऱ्यात घातलं तर आतली रबरं फुगतात आणि ब्रेक जातो.

माझ्यावर गुदरलं ते सांगतो. तीनशे किलोमीटरची, वीस तासांच्या मुदतीची राइड होती. सातारच्या अलीकडे उजव्या मुठीतला खटका मेला. लिव्हर हलते, तार ओढली जात नाही. सातारा गावात रस्त्यावरच एक छोटं दुकान उघडं दिसलं. तिथला पोरगा विशी-बाविशीचा. त्याने मूठ दिव्याखाली धरली, रबर मागे सारलं, बारीक पाना आत घातला आणि थांबला. म्हणाला, "काका, आतली स्प्रिंग गेली. उघडीन मी, पण स्प्रिंग कुठं मिळती?" मग त्याने तार हाताने ओढली, चेन मधल्या चकतीवर आणली आणि बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूखाली वॉशर घालून तार तिथेच दाबून टाकली. पुढच्या दोन चकत्या चालू होत्या, म्हणजे दोन गिअर. त्यावर मी खंबाटकी चढलो आणि मुदतीच्या चाळीस मिनिटं आधी पोहोचलो. पैसे त्याने वॉशरचेच घेतले.

दुसऱ्या आठवड्यात मी कंपनीच्या सेवाकेंद्रात गेलो. उत्तर मिळालं, स्प्रिंग वेगळी मिळत नाही, अख्खी लिव्हर घ्या. दहा गिअरची बंद झाली, अकराची आहे. अकराची घेतली तर डिरेलर, चेन, मागच्या चकत्या सगळंच नवं. मी त्या नावाशी पंधरा वर्षं एकनिष्ठ होतो. टपरीवर त्याच्यासाठी भांडलो होतो. त्या दिवशी काउंटरवर उभं राहून मला पहिल्यांदा कळलं, की मी दुसरीकडे जाऊ शकत नव्हतो, आणि त्यालाच मी इतकी वर्षं निष्ठा म्हणत होतो.

तेव्हापासून दुकानात मी आधी एकच विचारतो, याची स्प्रिंग वेगळी मिळते का? दुकानदारांना हा प्रश्न नवीन वाटतो. तुम्हीही विचारा. दहा जणांनी विचारला तर दुकानदार वरती विचारेल.

माझी सायकल आज बाहेर फाटकाशी लावली आहे. डिरेलर जपानचा, चेन तैवानची, चाकं इथल्याच एका कारागिराने आरे भरून आऊट काढलेली, आणि सीट वडिलांची. तिरक्या नळीवर घर्षणाची जुनी लिव्हर आहे, तिला खटका नाही. व्याख्यान संपल्यावर ज्यांना बघायचंय त्यांनी या. मी मागचं चाक उचलून धरतो, तुम्ही पायडल फिरवा आणि चेन कुरकुरायची थांबेपर्यंत लिव्हर हलवून बघा.