शिळा भात गरम केला म्हणजे ताजा होतो का?



एरवी मी तुमच्याशी बोंडअळी, खोडमाशी, बीजप्रक्रिया असल्या विषयांवर बोलतो. आज चुलीपाशी येऊन बसणार आहे. कृषी अधिकाऱ्याला स्वयंपाकातलं काय कळतं, असं कुणी म्हणेल, आणि त्याचं फारसं चुकणार नाही. पण आता सोयाबीन काढणीला येईल, घरोघर पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक पडेल. याच दिवसांत आमच्या घरी जे घडलं, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

गोष्ट पाटोद्याजवळच्या आमच्याच रानातली. काढणीला बारा बाया लावल्या होत्या. आदल्या रात्री पाहुणे येणार म्हणून भात जादा टाकला आणि पाहुणे आलेच नाहीत. मोठं भगुलं निम्मं भरून राहिलं. आईनं त्यावर ताट झाकलं, भात वाळू नये म्हणून वरून फडकं गुंडाळलं आणि भगुलं चुलीच्या वैलावर तसंच ठेवलं. पहाटे वहिनीनं कांदा-मिरची घालून झकास फोडणीचा भात केला. भाताला वास नव्हता, तार सुटली नव्हती. नऊ वाजता बायांनी न्याहारी केली. अकराच्या सुमाराला एकीला मळमळायला लागलं आणि दुपारपर्यंत सात जणी बांधावर बसून ओकत होत्या. एकीबरोबर तीन वर्षांचं लेकरू होतं, त्यानंही दोन घास खाल्ले होते. दिवस मावळता ते पार गळून गेलं. मोटारसायकलवर दोघांच्या मधे धरून त्याला दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं. लेकरू वाचलं. काढणी दोन दिवस थांबली, शेंगा रानात तडकल्या, ते वेगळंच. आई मात्र एकच म्हणत होती, "अरे, चांगली वाफ येईस्तोवर गरम केला होता की!"

आईचं खोटं नव्हतं. भात खरंच गरम केला होता. पण विस्तवावर चढलं की सगळं शुद्ध होतं, हा जो आपला समज आहे, तिथंच फसगत होते.

तांदूळ मातीतून येतो आणि मातीतला एक जंतू त्याच्याबरोबर घरात येतो. त्याचं नाव बॅसिलस सेरियस. हा जंतू टणक कवचाच्या बीजाणूच्या रूपात असतो. गाजरगवताचं बी जसं उन्हाळाभर रानात पडून राहतं आणि ओल मिळाली की उगवतं, तसंच याचं आहे. भात शिजताना हे बीजाणू मरत नाहीत. भात कोमट झाला, ओल आहे, वर झाकण आहे, की ते उगवतात आणि रात्रभर वाढतात. वाढता वाढता भातात विष सोडतात. सकाळी तुम्ही फोडणी दिली तर जंतू मरतील, पण ओकारी आणणारं ते विष तव्यावर जळत नाही. विंचू मारला म्हणून चढलेलं विष उतरत नाही, तशातली गत. या विषाला वास नाही, चव नाही. म्हणून "वास घेऊन बघितला होता" या म्हणण्याला अर्थ राहत नाही.

दुसरा एक जंतू आपल्या हातावर, नाकात आणि पिकलेल्या फोडात असतो. हाताला पू झालेल्या माणसानं भात कालवला किंवा पिठलं वाढलं आणि ते तसंच पडून राहिलं, तर त्याचंही विष तयार होतं. तेही उकळीला दाद देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2001 साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं काढली. त्यांत सांगितलंय की 5 अंशांपासून 60 अंशांपर्यंतच्या उष्णतेत जंतू झपाट्यानं वाढतात. आपलं स्वयंपाकघर बारा महिने याच्या मधेच असतं. म्हणून शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. वैशाखात तर तेवढंही नाही. सकाळी किती गरम केलं ते विचारू नका, रात्री किती वेळ उघड्यावर राहिलं ते विचारा.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, भात आणि वरण मोजून टाका. पाहुणे आले तर पुन्हा चूल पेटवता येते. ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांनी गरम भगुलं तसंच आत सारू नये, त्याचा मधला भाग कितीतरी वेळ कोमटच राहतो. भात परातीत पातळ पसरा, परात गार पाण्याच्या घमेल्यावर ठेवा, वरून विरळ फडकं टाका. निवला की लहान लहान डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच काढा, हलवत हलवत मधोमध वाफ येईपर्यंत गरम करा आणि संपवा. वरणाला रटरट उकळी आणा. एकदा गरम केलेलं उरलं तर पुन्हा ठेवू नका. रात्री लाईट गेली आणि पहाटे फ्रीजमधलं अन्न कोमट लागलं, तर त्याचा मोह सोडा. फ्रीज नसेल तर भात, वरण, पिठलं, कोरड्यास सकाळपर्यंत ठेवूच नका.

भाकरीचं तसं नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली भाजली, दुरडीत सुटी ठेवली, तर वाळते, आणि वाळलेल्यात जंतू वाढत नाहीत. सकाळी कुस्करून ताज्या ताकात खावी, नाहीतर कुटके करावेत. मला स्वतःला ताज्या भाकरीपेक्षा तीच आवडते. मात्र गरम भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, तिला घाम सुटतो. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तेवढाच तुकडा मोडून बाकीची खाऊ नका.

आपल्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. तिथं पहाटे दोन-तीनला चूल पेटते आणि तेच जेवण दुपारी फडात खाल्लं जातं, म्हणजे आठ-नऊ तासांनी. त्या बहिणींना सांगणं आहे, फडात भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, धपाटे न्या. वरण-भात संध्याकाळी कोपीवर आल्यावर करा. लेकरांसाठी पहाटेचं दूध दुपारपर्यंत ठेवू नका.

उरलेला भात पाटीभर गाई-बैलांपुढं टाकायची सवयही मोडा. लग्नाच्या पंगतीनंतर जनावर फुगून दगावतं ते यामुळंच. भातानं पोटात आम्ल वाढतं आणि रवंथ बंद पडतो. असं अन्न कंपोस्टच्या खड्ड्यात घाला आणि वर माती टाका.

एवढं करूनही कुणाला उलट्या-जुलाब झालेच, तर लिंबू उतरवत बसू नका. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी घ्या, त्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा आणि घोट घोट पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा पाजा. अंगावरचं दूध तोडू नका. लेकरू सुस्त झालं, लघवी बंद झाली, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडलं, तर 108 नंबरला फोन लावा आणि सरकारी दवाखाना गाठा. सोबत काय खाल्लं होतं आणि किती वाजता, तेही डॉक्टरांना सांगा.

रामराम.